छोटा मिडी कीबोर्ड कसा निवडावा: जे नंतर बदलता येत नाही, ते आधी तपासा

छोट्या मिडी कीबोर्डच्या खोक्यावरची यादी वाचायला लागलं की गोंधळ उडतो. सोळा पॅड (बोटांनी ठोकायचे चौकोन), आठ नॉब, हजारो आवाज मोफत, अमुक सॉफ्टवेअर सोबत, आर्पेजिएटर, कॉर्ड मोड, स्केल मोड. दोन मॉडेलच्या याद्या शेजारी ठेवल्या की ज्याची यादी लांब तोच चांगला असं वाटू लागतं आणि निवड तिथेच चुकते.

माझी कसोटी सोपी आहे. आर्पेजिएटर (दाबलेल्या कॉर्डचे स्वर एकामागून एक वाजवणारा), स्केल मोड (निवडलेल्या स्वरसमूहाबाहेरचे स्वर टाळणारा), कॉर्ड मोड (एका पट्टीवर अख्खी कॉर्ड वाजवणारा) आणि आवाज ही सगळी सॉफ्टवेअरची कामं आहेत. कीबोर्डमध्ये ती नसली तरी संगणकात आहेत किंवा नंतर घेता येतात. पट्ट्यांची रुंदी आणि संख्या, त्यांचा स्पर्श, पिच बेंड (वाजणारा स्वर वर-खाली सरकवणं) आणि मॉड्युलेशन (वाजत असताना आवाजात चढउतार करणं) यांची सोय, मागची पोर्टं या गोष्टी मात्र कीबोर्ड तुमच्याकडे असेपर्यंत आहेत तशाच राहणार. म्हणून पैसे यांच्यासाठी मोजायचे. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने लावल्या आहेत.

त्याआधी एक गोष्ट पक्की करून घेऊ. मिडी कंट्रोलर, म्हणजे असा कीबोर्ड, स्वतः आवाज काढत नाही. पट्टी दाबली की तो संगणकाला निरोप पाठवतो: कोणता स्वर, किती जोरात, आणि बोट उचललं की तो स्वर सुटला. स्वरांना ० ते १२७ असे क्रमांक आहेत आणि मिडल सी ६० वर येतो. जोर, म्हणजे व्हेलॉसिटी, १ ते १२७ मध्ये मोजली जाते. १९८३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम या वाद्यांच्या प्रदर्शनात सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलंडचा ज्युपिटर-६ हे दोन वेगळ्या कंपन्यांचे सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक आवाज तयार करणारी वाद्यं, एकमेकांना जोडून दाखवले गेले. मिडी ही तेव्हाची भाषा आजही चालते, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा कीबोर्ड कोणत्याही सॉफ्टवेअरशी बोलतो. महागड्या कीबोर्डने पियानोचा आवाज सुधारत नाही. सुधारू शकतं ते तुमचं वाजवणं, आणि तेही पट्ट्या तुमच्या बोटांचा जोर नीट टिपत असतील तरच.

पहिली पायरी: तुमचे हात काय करतात?

तुमचे अलीकडचे चार-पाच प्रोजेक्ट उघडा आणि ट्रॅक बघा. ड्रम आणि सॅम्पल (रेकॉर्ड केलेल्या आवाजाचे तुकडे) जास्त असतील तर पट्ट्यांपेक्षा पॅड महत्त्वाचे. कॉर्ड आणि धून जास्त असतील तर पट्ट्यांचा स्पर्श आणि संख्या. व्हायोलिन, चेलो, बासरी अशा वाद्यांच्या लायब्ररी (रेकॉर्ड केलेल्या आवाजांचे संच) वापरत असाल तर मॉड्युलेशनची सोय सगळ्यात आधी. आणि टेबलावर एखादा हार्डवेअर सिंथ असेल तर पोर्टांपासूनच सुरुवात करायला हवी.

अजून एकही प्रोजेक्ट केलेला नसेल तर कीबोर्ड घ्यायच्या आधी काही दिवस संगणकाच्याच कीबोर्डवर वाजवा. एबलटन लाइव्ह आणि लॉजिक, संगीताच्या या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे. बोटाच्या जोराने व्हेलॉसिटी बदलत नाही आणि एका वेळी जेमतेम दीड सप्तक हाताशी असतं, पण पहिली अडचण कशाची येते ते कळतं. सप्तक अपुरं पडतंय, की सगळे स्वर एकाच जोराचे येतायत म्हणून वैताग होतोय? त्या उत्तरावरून तुमची खरी गरज कळते.

दुसरी पायरी: टेबल मोजा, मग पट्ट्या मोजा

पूर्ण आकाराची पांढरी पट्टी सुमारे २३.५ मिलिमीटर रुंद असते. पंचवीस पट्ट्यांमध्ये १५ पांढऱ्या असतात, म्हणजे नुसत्या पट्ट्यांना ३५ सेंटिमीटर लागतात. ३७ पट्ट्यांमध्ये २२ पांढऱ्या, म्हणजे जवळपास ५२ सेंटिमीटर. ४९ ला ६८ आणि ६१ ला ८५ सेंटिमीटर. शेजारी व्हील (बेंड आणि मॉड्युलेशनची चाकं) असतील तर त्यांची जागा वेगळी. मिनी पट्ट्यांमुळे जागा किती वाचते ते यावरून दिसेल: अकाई एमपीके मिनीच्या तिसऱ्या आवृत्तीत २५ पट्ट्या आहेत आणि अख्खं यंत्र सुमारे ३२ सेंटिमीटरचं आहे.

रुंदीइतकीच खोली महत्त्वाची, आणि तीच मोजायची राहून जाते. पट्ट्यांच्या वर पॅड आणि नॉबची रांग आली की कीबोर्ड खोल होतो. तो लॅपटॉपच्या पुढे ठेवला तर लॅपटॉप मागे सरकतो आणि माउससाठी हात लांबवावा लागतो. घ्यायच्या मॉडेलच्या मापाचा पुठ्ठा कापून दोन दिवस टेबलावर ठेवून बघा. कोपर आरामात वाकत असेल तर ठीक. खांदा उचलावा लागत असेल तर तो कीबोर्ड हळूहळू कपाटात जाईल.

आता संख्या. २५ पट्ट्या म्हणजे दोन सप्तकं आणि वरचा एक स्वर. डाव्या हाताने बेस आणि उजव्या हाताने कॉर्ड, असं एकाच वेळी त्यावर वाजवायला गेलात तर हात एकमेकांवर आपटतात. दोन्ही भाग वेगवेगळे रेकॉर्ड करायची सवय असेल तर २५ पुरतात आणि बरेच जण तसंच काम करतात. दोन्ही हातांनी वाजवून सुचत असेल तर ३७ च्या खाली जाऊ नका. मधला पर्याय ३२ चा आहे, आर्टुरियाच्या कीस्टेपसारखा, पण तिथेही दोन हातांना मोकळीक मिळत नाही. त्याची ताकद त्याच्या सिक्वेन्सरमध्ये, म्हणजे स्वरांची मालिका साठवून वाजवण्याच्या सोयीत, आहे.

पट्ट्या कमी असल्या की सप्तक वर-खाली करणारी बटणं सतत वापरावी लागतात. ती अंगठ्याने न बघता सापडतात का आणि सध्या कोणतं सप्तक आहे ते दिव्यांवरून कळतं का, एवढं तपासा. शिवाय ही चाचणी कराच: एक पट्टी दाबून धरा, तशीच धरून सप्तक वर न्या, मग पट्टी सोडा. स्वर बंद झाला पाहिजे. तो वाजतच राहिला तर तो कीबोर्ड सुटल्याचा निरोप नव्या सप्तकातल्या स्वराला पाठवतोय, आणि रेकॉर्डिंगच्या मध्यावर हा अडकलेला स्वर फार त्रास देतो.

तिसरी पायरी: स्पर्श

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

पट्टीच्या खाली दोन संपर्कबिंदू असतात. पट्टी खाली जाताना आधी एक जुळतो, क्षणभराने दुसरा. दोन्हींमधलं अंतर किती वेळात कापलं यावरून कीबोर्ड व्हेलॉसिटी ठरवतो. म्हणजे तो जोर नव्हे तर वेग मोजतो. मिनी पट्टीचा खाली जाण्याचा प्रवास मुळातच कमी, त्यामुळे हळुवार आणि मध्यम यांच्यातला फरक टिपायला तिथे वाव थोडा असतो. काही मॉडेल हे काम उत्तम करतात. काहींमध्ये मऊ दाबलं की स्वर गायब आणि जरा जोर दिला की थेट ११० च्या पुढे.

हे कानाने ठरवू नका, आकड्यांनी बघा. मॅकवर मिडी मॉनिटर आणि विंडोजवर मिडी-ऑक्स ही मोफत साधनं प्रत्येक निरोप आकड्यासकट दाखवतात. सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड करून व्हेलॉसिटीच्या उभ्या रेघा बघितल्या तरी चालेल. एकच पांढरी पट्टी दहा वेळा, जमेल तितक्या सारख्या हळुवारपणे दाबा. आकडे ३० ते ४५ च्या आसपास राहिले तर छान. २०, ७०, ३५, ९० असे उड्या मारत असतील तर तो कीबोर्ड सोडा. मग अगदी हळू सुरुवात करून प्रत्येक वेळी थोडा जोर वाढवा. मधले आकडे, ५० ते ९०, सहज मिळायला हवेत, कारण आपलं बहुतेक वाजवणं तिथेच असतं.

नंतर तीच पट्टी टोकाला न दाबता आत, काळ्या पट्ट्यांच्या मधे दाबा. पट्टी मागच्या बाजूला बिजागरीवर फिरते, त्यामुळे आत दाबायला जास्त ताकद लागते, आणि आखूड मिनी पट्ट्यांवर हा फरक जास्त जाणवतो. एखादी कॉर्ड अशी घ्या की अंगठा काळ्या पट्टीवर आणि पांढऱ्यांवरची बोटं आत येतील. ई फ्लॅट, जी, बी फ्लॅट, डी ही एक चांगली चाचणी आहे. चारही स्वरांची व्हेलॉसिटी साधारण जवळ आली तर यंत्रणा भरवशाची. एखादा स्वर दरवेळी दबत असेल तर तुमच्या कॉर्डमध्ये तो कायमच दबणार.

व्हेलॉसिटी कर्व्ह (बोटाच्या वेगाला कोणता आकडा द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) बदलायची सोय असेल तर तीही बघा. मऊ, मध्यम, कडक असे पर्याय असतात आणि ज्यांचं बोट हलकं आहे त्यांना मऊ कर्व्हने मोठा फरक पडतो. पण कर्व्ह आकडे वर-खाली सरकवतो, उड्या मारणारी पट्टी त्याने सुधारत नाही.

रुंदीचा प्रश्न हाताच्या सवयीचा आहे. पूर्ण आकाराच्या सप्तकातल्या सात पांढऱ्या पट्ट्या मिळून सुमारे १६५ मिलिमीटर होतात. मिनी पट्ट्यांचं माप कंपनीगणिक बदलतं, म्हणून दुकानात फूटपट्टी लावून बघा. पियानो शिकलेल्या बोटांना मिनी पट्ट्यांवर सुरुवातीला चुकीचे स्वर लागतात. धून आणि बेस टाकण्यापुरतं वाजवणाऱ्याला काही फरक पडत नाही. जागा कमी आणि हात पियानोचा असेल तर सीएमईचा एक्सकी बघण्यासारखा आहे: पट्ट्या पूर्ण रुंदीच्या, जाडी अगदी कमी, आणि प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा मोजणारा पॉलिफोनिक आफ्टरटच. त्या बदल्यात पट्टीचा प्रवास फारच उथळ आहे, तो तुम्हाला मानवतो का ते वाजवूनच कळेल.

चौथी पायरी: बेंड आणि मॉड्युलेशन

छोट्या कीबोर्डवर व्हीलच्या जागी बऱ्याचदा जॉयस्टिक किंवा स्पर्शपट्टी असते. पिच बेंडला बोट सोडलं की मधे परत यायला हवं, म्हणून स्प्रिंगची जॉयस्टिक तिथे चालते. मॉड्युलेशनचं उलट आहे. तंतुवाद्यांच्या लायब्ररीत सीसी १ हा मिडीचा नियंत्रण-निरोप, म्हणजे मॉड्युलेशन, बहुधा आवाजाची तीव्रता ठरवतो. चार मात्रांत हळूहळू चढवून तो वर तसाच ठेवायचा असतो. जॉयस्टिक सोडली की तो शून्यावर येतो आणि अख्ख्या वाद्यवृंदाचा आवाज बसतो. असं काम करणार असाल तर व्हील, किंवा सोडल्यावर जागेवर राहणारा स्लायडर हवाच. आर्टुरियाच्या मिनीलॅब ३ वर असे चार स्लायडर, म्हणजे फेडर, आहेत, त्यातला एक सीसी १ ला आणि एक सीसी ११ ला, म्हणजे एक्स्प्रेशनला, देता येतो.

मींड घ्यायची असेल तर बेंडचा आवाका लक्षात घ्या. बहुतेक सिंथमध्ये तो मुळात वर-खाली दोन सेमीटोन (अर्धस्वर) असतो. सिंथच्या सेटिंगमध्ये तो ५, ७ किंवा १२ करता येतो. बेंडचा निरोप ० ते १६३८३ अशा बारीक पायऱ्यांत जातो, त्यामुळे आवाका वाढवला तरी स्वर गुळगुळीत सरकू शकतो. अडचण येते ती आखूड जॉयस्टिकची: आवाका १२ केला की अंगठ्याच्या जराशा हालचालीने स्वर बेसूर होतो. मींड हा तुमच्या संगीताचा गाभा असेल तर लांब स्पर्शपट्टी किंवा मोठं व्हील शोधा.

पाचवी पायरी: पॅड आणि नॉब

बोटांनी ड्रम वाजवणाऱ्यांनी पॅडचा आकार आणि प्रतिसाद बघावा. नुसत्या संख्येवर जाऊ नये. हलक्या टिचकीला पॅड वाजतो का आणि एका ठोक्याला दोनदा तर वाजत नाही ना, हे मिडी मॉनिटरमध्ये लगेच दिसतं. आठ पॅडवर किक, स्नेअर आणि हॅट आरामात बसतात. नोव्हेशनच्या लाँचकी मिनीवर सोळा आहेत आणि एबलटन लाइव्हमध्ये क्लिप (गाण्याचे छोटे तुकडे) सुरू-बंद करताना त्यांचा खरा उपयोग होतो.

नॉब दोन प्रकारचे. एकाला सुरुवात आणि शेवट असतो, दुसरा गोल गोल फिरतच राहतो. पहिल्या प्रकारात प्रोजेक्ट बदलला की नॉबची जागा आणि पडद्यावरचा आकडा जुळत नाही आणि हात लावताच फिल्टर उडी मारतो. सॉफ्टवेअरमध्ये पिकअप किंवा टेकओव्हर मोड लावला की नॉब त्या आकड्यापाशी पोचेपर्यंत काही होत नाही. न थांबणारा नॉब फक्त किती फिरला तेवढंच पाठवत असेल (रिलेटिव्ह मोड), तर त्याला ही अडचणच नाही. मला तोच प्रकार आवडतो.

सहावी पायरी: यंत्राची मागची बाजू

सस्टेन पेडलसाठी (स्वर लांबवणारं, पायाने दाबायचं पेडल) छिद्र आहे का ते आधी बघा. पियानोचे आवाज वाजवणाऱ्याला ते नसून चालत नाही आणि काही अतिछोट्या मॉडेलमध्ये ते नसतं.

हार्डवेअर सिंथ असेल तर नुसतं यूएसबी पुरत नाही. यूएसबीच्या कीबोर्डला समोर संगणक किंवा यूएसबी होस्ट (यूएसबी उपकरणं चालवणारं यंत्र) लागतो. पाच पिनांचं मिडी आउट असलं तर कीबोर्ड थेट सिंथला जोडता येतो. मिनीलॅब ३ आणि कीस्टेपवर ते आहे. लाँचकी मिनीच्या तिसऱ्या आवृत्तीवर त्याऐवजी हेडफोनच्या पिनेसारखं बारीक टीआरएस मिडी आहे आणि त्याला अडॅप्टर लागतो. या अडॅप्टरमध्ये टाइप ए आणि टाइप बी असे दोन प्रकार आहेत. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरला, पण जुनी टाइप बी उपकरणं अजून वापरात आहेत. चुकीचा घेतला तर निरोपच पोचत नाही.

यूएसबी सॉकेटचा प्रकारही बघा. चौकोनी बी किंवा सी मजबूत असतात. जुन्या मॉडेलवरचं मायक्रो सॉकेट रोजच्या काढ-घालीने सैल होतं. टॅबलेटवर वापरणार असाल तर ‘क्लास कम्प्लायंट’ असं लिहिलेलं हवं, म्हणजे वेगळा ड्रायव्हर लागत नाही. ब्लूटूथ सोयीचं आहे, पण त्यात उशीर थोडा वाढतो आणि दरवेळी सारखा वाढत नाही. तालाचं काम केबलवरच करा.

सातवी पायरी: सोबतचं सॉफ्टवेअर आणि जुळणी

यावर फार वेळ घालवू नका. दोनच गोष्टी बघा. तुमच्या सॉफ्टवेअरसाठी तयार जुळणी आहे का? नोव्हेशनची एफएलकी मालिका एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरसाठीच बनलेली आहे, लाँचकी एबलटनच्या अंगाने जाते. आणि कीबोर्डची सेटिंग बदलणारा एडिटर तुमच्या सध्याच्या मॅक किंवा विंडोजच्या आवृत्तीवर चालतो का, हे कंपनीच्या साइटवर खात्री करून घ्या. मिडी २.० हे नवं प्रमाण २०२० मध्ये मंजूर झालं, पण ते जुन्या मिडीशी जुळवून घेतं, त्यामुळे त्यासाठी थांबायचं कारण नाही.

वापरलेला घेताना

प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबून आकडे बघा. एखादीच पट्टी दरवेळी १२७ देत असेल किंवा मधेच वाजत नसेल, तर तिच्या संपर्कबिंदूंवर धूळ किंवा झीज आहे. यंत्र उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावर बऱ्याचदा ती सुधारते, पण स्वतः उघडायची तयारी नसेल तर तो सौदा सोडा. नॉबला हात न लावता मॉनिटरकडे मिनिटभर बघत बसा. कोणी काही हलवत नसताना निरोप येत असतील तर नॉबची झीज झाली आहे आणि तो तुमचं ऑटोमेशन (गाण्यात साठवलेले नॉबचे बदल) बिघडवेल.

घरी आणल्यावर

सोबत आलेलीच केबल वापरा. मोबाइलच्या चार्जरच्या काही केबलींमधून फक्त वीज जाते, डेटा जात नाही, आणि कीबोर्डचे दिवे लागलेले असूनही सॉफ्टवेअरला तो दिसत नाही. विंडोजवर कीबोर्डचा एडिटर उघडा असेल तर तो बंद करून मग संगीताचं सॉफ्टवेअर सुरू करा, कारण बऱ्याच संगणकांवर मिडी पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला मिळतं.

सॉफ्टवेअरच्या मिडी सेटिंगमध्ये कीबोर्डचं इनपुट सुरू करा, एका ट्रॅकवर पियानो घ्या आणि तो ट्रॅक रेकॉर्डसाठी आर्म (तयार) करा. पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येत असेल तर कीबोर्डला दोष देऊ नका. पाच पिनांच्या जुन्या केबलवरूनसुद्धा एका स्वराचा निरोप सुमारे १ मिलिसेकंदात जातो. उशीर बहुतेक वेळा ऑडिओ बफरमुळे, म्हणजे संगणक आवाज बाहेर सोडण्याआधी जमवतो त्या साठ्यामुळे, होतो: ४४,१०० हर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे जेमतेम ३. वाजवताना १२८ ठेवा, मिक्स करताना वाढवा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर (आवाजाचा उशीर कमी ठेवणारा) निवडलेला असला पाहिजे.

सस्टेन पेडल उलटं चालत असेल, म्हणजे पाय उचलल्यावर स्वर लांबत असतील, तर पेडल जोडून, त्यावर पाय न ठेवता कीबोर्ड बंद करून पुन्हा चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची मूळ स्थिती वाचतात.

मग एक पूर्ण गाणं बसवेपर्यंत व्हेलॉसिटी कर्व्हला हात लावू नका. त्यानंतर रेकॉर्ड झालेल्या रेघा बघा. बहुतेक १०० च्या वर गेल्या असतील तर कडक कर्व्ह घ्या, ५० च्या खाली रेंगाळत असतील तर मऊ. मॉड्युलेशन आणि फेडर तुमच्या नेहमीच्या वाद्यांना जोडा आणि तो प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, म्हणजे पुढच्या वेळी सॉफ्टवेअर उघडताच वाजवायला सुरुवात करता येईल.